एक थेंब, एक मीटर

पेट्रोलच्या एका थेंबावर गाडी किती जाते? औषधवाल्यांचा जुना हिशेब असा की वीस थेंबांचा एक मिलिलीटर. म्हणजे लिटरचे झाले २०,००० थेंब. आता गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल, तर २० किलोमीटरचे मीटर किती? तेही २०,०००! भागाकाराला काही उरलंच नाही. एक थेंब, एक मीटर. आत चार माणसं, डिकीत पिशव्या, सगळं मिळून बाराशे किलोचं धूड, आणि ते मीटरभर पुढे सरकतं डोळ्यात घालायच्या औषधाएवढ्या थेंबावर.

आपण मात्र "किती ॲव्हरेज देते हो?" असं विचारतो आणि उत्तर अठरा आलं की तोंड वाकडं करतो. नवी गाडी घेतलेल्याने पेढा हातावर ठेवायच्या आधी हा प्रश्न येतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूरसारख्या गावात तो यायलाच हवा. पातूरला रेल्वे नाही. अकोल्याच्या दवाखान्यात जायचं, वाशिमला सोयरिकीच्या बोलणीला जायचं, बाळापूरला कामाला जायचं, सगळं रस्त्यानेच. शिवाय हा ॲव्हरेज नावाचा प्रकार समजून घ्यायला पातूरइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. उत्तरेला अकोल्यापर्यंत काळ्या मातीचा सपाट मुलूख, आणि दक्षिणेला गाव संपलं की जंगल आणि मेडशीकडे चढणारा घाट. एकाच रस्त्यावर दोन निराळी गणितं.

आधी त्या लिटरकडेच नीट बघू. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही भरत नाही. पण जाळलं तर त्यातून जवळपास ९ युनिट विजेइतकी ऊर्जा निघते. ९ युनिट! आता दुसरी बाजू बघा. सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने छोटी गाडी चालत ठेवायला किती ताकद लागते? इंजिन ८० हॉर्सपॉवरचं आहे म्हणून तेवढी लागत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात लागते दहा हॉर्सपॉवरच्या आसपास. विहिरीवर ५ एचपीची मोटार असते ना, तशा दोन मोटारींच्या जोरावर तुमची गाडी अकोल्याच्या रस्त्याने ८० ने पळू शकते. बाकीची ताकद ओव्हरटेकसाठी, घाटासाठी आणि जाहिरातीसाठी.

आता गंमत. दहा हॉर्सपॉवर म्हणजे साडेसात किलोवॅटच्या अलीकडे. ८० च्या वेगाने १०० किलोमीटर जायला सव्वा तास लागतो. गुणाकार केला की येतात ९ युनिट. म्हणजे बरोबर एका लिटरमध्ये जेवढी ऊर्जा आहे तेवढी! हिशेबाप्रमाणे लिटरला १०० किलोमीटर जायला हवं होतं. मिळतात २०. मग उरलेले ८० किलोमीटर कुठे गेले?

गेले उष्णतेत. रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून, तापलेल्या बॉनेटमधून. आणि यात मेकॅनिकचा किंवा कंपनीचा दोष कमी, विश्वाच्या नियमाचा जास्त. सादी कार्नो नावाच्या तरुण फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये, मोटारगाडी जन्माला यायच्या साठ वर्षं आधी, दाखवून दिलं होतं की उष्णतेवर चालणारं कुठलंही यंत्र असो, काही उष्णता त्याला बाहेर टाकावीच लागते. सगळी कामाला लावता येतच नाही. त्याने हे वाफेच्या यंत्रांचा विचार करताना काढलं, आणि आज तुमच्या गाडीच्या सायलेन्सरला हात लावला की त्याचाच चटका बसतो.

याहून खट्याळ हिशेब हवा? तुम्ही एकटेच गाडी घेऊन निघालात. तुमचं वजन ७० किलो, गाडीचं नऊशे-साडेनऊशे. पेट्रोलच्या पाचव्या हिश्श्यावर गाडी हलते, आणि हलणाऱ्या वजनात तुमचा वाटा सात टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या पेट्रोलमधले दीड रुपयाच्या आसपास तुम्हाला पुढे नेण्यावर खर्च होतात. बाकी साडेअठ्ठ्याण्णव रुपयांत लोखंड हलतं आणि हवा तापते.

आणि गाडी फक्त पेट्रोल पिते असं थोडंच आहे? एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे सुमारे ११ किलो हवा, घनफळात नऊ हजार लिटर. इंजिनाच्या दृष्टीने पेट्रोल ही चिमूटभर फोडणी आहे. त्याचं खरं जेवण हवा. त्यामुळेच पाऊण किलो पेट्रोलातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड २.३ किलो भरतो. वजन वाढलं कुठून? हवेतल्या ऑक्सिजनचं.

हाच धूर आपल्याला पुण्याला घेऊन जातो.

गाडीच्या जाहिरातीत जो आकडा असतो त्याला सगळे 'एआरएआय मायलेज' म्हणतात. एआरएआय म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, १९६६ साली सुरू झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. तिथल्या चाचणीत गाडी इंचभरही पुढे जात नाही. ती रुळांवर, म्हणजे मोठ्या रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, रोलर फिरतात, आणि रस्त्यावर जेवढा विरोध झाला असता तेवढा रोलर करतात. समोरून पंखा वारा सोडतो. ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. ११८० सेकंद, साडेदहा किलोमीटरच्या थोडं पुढे, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास, कमाल ९०. एसी बंद.

आणि पेट्रोल किती लागलं ते मोजतात कसं? टाकी बघून नव्हे, धूर बघून! सायलेन्सरमधून निघालेल्या वायूचे नमुने पिशव्यांमध्ये साठवतात आणि त्यातला कार्बन मोजतात. पेट्रोलमधला कार्बन इंजिनात नाहीसा होत नाही. जेवढा आत गेला तेवढा या ना त्या रूपात बाहेर यायलाच हवा. म्हणून कार्बनवरून उलटा हिशेब करून ग्रॅम-ग्रॅम पेट्रोल सांगता येतं. उष्ट्या पानावरून माणूस किती जेवला ते ओळखण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं आहे.

मग जाहिरातीतला २४ चा आकडा आपल्याकडे १८ का होतो? कारण चाचणीच्या खोलीत पातूरचा घाट नाही, गतिरोधक नाही, समोरून येणारा वारा नाही आणि मे महिना नाही. अकोल्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतो? एसीचा कॉम्प्रेसर एक ते तीन किलोवॅट ओढतो. सात-साडेसात किलोवॅटवर पळणाऱ्या गाडीत दोन किलोवॅट नुसते गारव्याला, म्हणजे जवळजवळ चवथाई भार वाढला. पण याच उन्हाळ्याची एक उलटी बाजूही आहे. तापलेली हवा विरळ असते. १५ अंशांच्या थंडीत जेवढी हवा गाडीला कापावी लागते, त्यापेक्षा ४५ अंशांत नऊ-दहा टक्के कमी. वऱ्हाडचं ऊन एका हाताने घेतं आणि दुसऱ्या हाताने थोडं परत देतं. एसी लावला की घेणारा हात जिंकतो, एवढंच.

या हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट झाला, पण हवेचा मार दीडपटीहून जास्त. ८० लाच गाडीची निम्म्याहून अधिक ताकद हवा बाजूला सारण्यात जात असते. पातूर ते अकोला तीस-पस्तीस किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला आणि सगळीकडे ८० ऐवजी १०० ने गेलात तर वाचतात पाच मिनिटं. ती पाच मिनिटं आपण अकोल्यात पार्किंग शोधताना परत करतो.

आणखी एक कारण टाकीतच आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर त्यातला काही भाग भरून निघतो. पण वडिलांच्या जुन्या गाडीच्या वहीतला आकडा आणि तुमचा आजचा आकडा समोरासमोर ठेवून भांडण करू नका. दोघांचा लिटर एक नाही.

तर आपला आकडा आपणच काढावा. पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: टाकी फुल, रीडिंग लिहायचं, गाडी चालवायची, पुन्हा टाकी फुल, झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. समजा ३८५ किलोमीटर झाले आणि २१.४ लिटर बसलं, तर १८. सोपं. पण या सोप्या हिशेबातला प्रत्येक तुकडा म्हणजे एकेक करामत आहे.

टाकी भरली हे नोझलला कळतं कसं? 'टक्' आवाज होतो आणि धार थांबते. तुम्हाला वाटेल आत सेन्सर असेल. काही नाही! वीज नाही, चिप नाही. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं आणि तिथून आत एक नळी जाते. पेट्रोल जोरात वाहतं तेव्हा एका अरुंद जागी दाब कमी होतो आणि त्या नळीतून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल वर चढून भोक बुडालं की हवा मिळत नाही, आतल्या पडद्यावर ओढ बसते, तो खटका सोडतो आणि झडप बंद. नुसत्या हवेच्या ओढीवर चालणारा पहारेकरी, दिवसाला शेकडो वेळा, पेट्रोलच्या वाफेत, ठिणगीविना.

पण हा पहारेकरी काटेकोर नाही. धार जोरात असली, नोझल तिरकं असलं, फेस आला, तर अर्धा लिटर इकडे-तिकडे होतं. २१ लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के, चालून जातं. पण ५०० रुपयांचं टाकून, पावणेपाच लिटरवर ॲव्हरेज काढणाऱ्यांचं काय? तिथे तोच अर्धा लिटर दहा टक्क्यांची चूक करतो. गाडी १८ देत असली तरी कधी १६ दिसते, कधी २०, आणि बिचारा मेकॅनिक शिव्या खातो. उपाय गणितातच आहे. तीन टाक्या सलग भरा, मधल्या 'टक्'कडे लक्ष देऊ नका. चूक फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यात उरते, आणि ती तिपटीने मोठ्या आकड्यात विरघळते.

पहिल्या 'टक्'नंतर थांबा, हेही ओघाने आलं. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत १५ अंशांनी तापलं तर ३५ लिटरचं अर्धा लिटर फुगतं. त्याला जागा लागते. यावरून आठवलं, सकाळी गारव्यात भरलं की पेट्रोल जास्त येतं अशी एक समजूत आहे. अकोल्याजवळच्या गायगावच्या डेपोतून टँकर येतो आणि पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत उतरतं. तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. पहाटे उठायचं तर फिरायला उठा.

आता किलोमीटर. गाडी रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजते. छोट्या गाडीचं चाक किलोमीटरला पाचशेहून थोडे जास्त फेरे घेतं, आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या घेराने गुणून किलोमीटर दिसतात. पण टायर झिजला की घेर कमी होतो! नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल. ६ मिलिमीटर झिजली की चाक दोन टक्क्यांनी लहान होतं, तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे मारतं, आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे टायर गुळगुळीत होता होता ॲव्हरेज 'सुधारतो', आणि नवे टायर टाकले की 'बिघडतो'. टायरवाल्याला दोष द्यायच्या आधी हे लक्षात ठेवा.

आणि स्टिअरिंगमागच्या पडद्यावरचा ॲव्हरेज? तोही पेट्रोल मोजत नाही. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी पिचकारी किती वेळ उघडी राहिली, ते मिलिसेकंदांत मोजून त्यावरून तो अंदाज बांधतो. चार सिलिंडरची गाडी ८० ने जात असताना मिनिटाला सुमारे पाच हजार फवारे उडतात, आणि एकेका फवाऱ्यात असतो थेंबाचा तिसरा-चौथा हिस्सा. थेंबाचे तुकडे करून, मोजून, वेळेवर! घड्याळजींनीही हात जोडावेत असं काम, तेही खडखडणाऱ्या रस्त्यावर.

आता घाटाकडे वळू. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास, वाशिम ५५० च्या जवळ. म्हणजे अकोल्याहून पातूरमार्गे वाशिमला जाताना तुम्ही बाराशे किलोचं ओझं पावणेतीनशे मीटरच्या जवळपास वर उचलून नेता. या उचलण्याला जादा पेट्रोल किती लागत असेल? हिशेब केला तर साधारण ४०० मिलिलीटर. चाळीसेक रुपयांचा हा उंचीचा टोल कुणालाच चुकवता येत नाही.

पण तो परत मिळतो का? उतरताना? इथे जुनी आणि नवी गाडी वेगळी वागते. जुनी माणसं सांगतात, घाट उतरताना न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात तथ्य होतं. आजच्या पिचकारीवाल्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की गाडीचा संगणक ओळखतो: चाकंच इंजिनाला फिरवताहेत, मग पेट्रोल कशाला? आणि पिचकारी बंद! खर्च शून्य. इंजिन फिरतंय, गाडी चालतेय आणि एकही थेंब जळत नाही. न्यूट्रल टाकलं तर इंजिनाला चालू राहायला पुन्हा पेट्रोल लागतं, वर गिअरचा लगाम सुटतो तो वेगळाच. आणि काही जण तर चावी फिरवून गाडीच बंद करतात. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत ब्रेकची मदत संपते, स्टिअरिंग जड होतं. वळणाच्या घाटात दहा रुपयांसाठी हा वेडेपणा आहे.

घाटात एक गणिती चकवाही बसलेला आहे. चढताना १२ चा ॲव्हरेज मिळाला, तेवढंच अंतर उतरताना २४ चा. सरासरी किती? झटकन उत्तर येतं १८. चूक. २४ किलोमीटर चढायला २ लिटर, २४ उतरायला १. एकूण ४८ किलोमीटरला ३ लिटर. सरासरी १६! 'लिटरला किती किलोमीटर' हे मापच आपल्याला फसवतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये याच फसगतीवर 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं. त्यांच्या मुद्द्याची परीक्षा घरी घ्या: १० ची गाडी १२ वर आणली तर जास्त पेट्रोल वाचेल, की २० ची २५ वर आणली तर? सगळे दुसरं सांगतात. पण १०० किलोमीटरमागे पहिल्यात वाचतात १.६७ लिटर, दुसऱ्यात १. म्हणजे घरात जुनी जीप आणि नवी छोटी गाडी दोन्ही असतील, तर आधी जीपची हवा, फिल्टर, ट्यूनिंग बघा.

म्हणून माप बदलू या. किलोमीटरला किती रुपये? पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १८ च्या ॲव्हरेजला ५ रुपये ८३ पैसे. आणि इथेच सगळ्यात मोठा धक्का बसतो.

समजा गाडी ८ लाखांची. विम्यासाठी गाडीची किंमत धरण्याचा जो तक्ता आहे, त्यात ती सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५ आणि पाच वर्षांत ५० टक्के उतरते. बाजारात भाव थोडा इकडे-तिकडे होईल, पण हा तक्ता धरला तरी पाच वर्षांत ४ लाख गेले, वर्षाला ८०,०००. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर फिरत असेल, तर किलोमीटरमागे १० रुपये! पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, आणि पंपावर कुणी पावती देत नाही म्हणून दिसत नाहीत. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून वर्षाला ३५,००० धरले तर आणखी ४ रुपये ४० पैसे. एकूण वीस रुपये. कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. हीच गाडी २५,००० किलोमीटर फिरली, देखभालीला ४५,००० लागले, तर? एकूण येतात पावणेअकरा. गाडी तीच, पेट्रोल तेच, ॲव्हरेज तोच. किलोमीटरचा भाव जवळपास निम्मा.

मग जास्त ॲव्हरेजसाठी एक लाख जास्त मोजावेत का? १८ ऐवजी २३ देणाऱ्या गाडीत किलोमीटरला सव्वा रुपया वाचतो. पातूरहून रोज अकोल्याला नोकरीला जाऊन वर्षाला २५,००० किलोमीटर करणाऱ्याचे ते लाख रुपये तीन-सव्वातीन वर्षांत वसूल होतात. लग्नकार्याला आणि सणावाराला गाडी काढणाऱ्याला दहा वर्षं लागतील, आणि तोवर ती गाडी विकायला निघालेली असेल. अशा माणसाने ॲव्हरेजचा आकडा बघून गाडी घेणं म्हणजे चक्क तोटा. त्याने किंमत बघावी.

तुम्ही कुठल्या गटातले ते तुमच्याच वहीतून कळेल. पुढच्या वेळी पंपावर पहिल्या 'टक्'ला थांबा, रीडिंग आणि लिटर दोन्ही लिहा, आणि तीन टाक्या होईपर्यंत कुणी ॲव्हरेज विचारला तर सांगू नका.